बाहुलीच्या कडेची धूळ

आत्याच्या मोतीबिंदूची तारीख दोनदा ठरली. पहिली एका शिबिरात, टॉर्चच्या उजेडात. "पिकलाय, काढून टाकू." काही कारणाने ते राहिलं. मग इथेच पुण्यात एका डॉक्टरांनी थेंब घातले (डावी बाहुली काही केल्या नीट मोठी होईना), स्लिट लॅम्पमधून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भिंगावर पांढरट कोंडा दिसतोय. एक्सफोलिएशन सिंड्रोम. ऑपरेशन करू, पण तयारीनं."

आत्याचा प्रश्न : "कोंडा डोक्यात होतो रे, डोळ्यात कुठून आला?" मग काय, घरी येऊन वाचत बसलो.

हा कोंडा पहिल्यांदा नीट नोंदवला फिनलंडच्या लिंडबर्गने, १९१७ साली, हेलसिंकीतल्या आपल्या प्रबंधात. गंमत म्हणजे विषय वेगळाच होता. म्हातारपणी बाहुलीच्या कडेचा रंग कसा उडतो, हे तो मोतीबिंदू असलेल्या आणि नसलेल्या डोळ्यांत तपासत होता. तपासता तपासता कितीतरी जणांच्या कडेवर राखाडी कण दिसले, आणि काचबिंदूवाल्यांत तर फारच. गुलस्ट्रँडचा स्लिट लॅम्प येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. पण प्रबंध स्वीडिशमध्ये, त्यात महायुद्ध. इंग्रजी अनुवाद छापला गेला तो थेट १९८९ मध्ये!

मधल्या काळात नावाचा घोळ. स्वित्झर्लंडच्या फोग्टला वाटलं, भिंगाच्या आवरणाचाच पापुद्रा सुटतोय, म्हणून 'एक्सफोलिएशन'. १९५४ मध्ये द्वोराक-थिओबाल्ड या बाईंनी सांगितलं की हे वरून साचलंय, सबब 'स्यूडो'. (खरा पापुद्रा सुटतो तो भट्टीसमोर काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या भिंगाचा.) २००७ मध्ये आइसलंडच्या शास्त्रज्ञांना त्याच्याशी जोडलेलं जनुक सापडलं. सगळी नावं थंड मुलखातली, म्हणून मला वाटलं हा तिकडचाच आजार. तर नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ पासून तिशीपुढच्या साधारण ४,७०० माणसांचे डोळे तपासले गेले, त्यात तो दीडेक टक्का लोकांत निघाला. वयाबरोबर प्रमाण वाढतं. म्हणजे मोतीबिंदूच्या रांगेत तो आणखी जास्त भेटणार.

आणि तिथेच तो आधी दिसायला हवा. भिंग ज्या बारीक दोऱ्यांनी टांगलेलं असतं, त्यांच्यावरही हा कोंडा बसतो. दोरे कमकुवत, बाहुली लहान; ऐन ऑपरेशनमध्ये आवरण फाटू शकतं, भिंग मागे निसटू शकतं. आधी कळलं तर बाहुली रुंद धरायचे आकडे आणि आवरणाला आधार देणारी कडी हाताशी ठेवता येते. टॉर्चने मोतीबिंदू दिसतो, हा कोंडा नाही.

आत्याला कडी बसवावी लागली. तिला आता पेपर वाचता येतो. पण भिंग बदललं तरी कोंडा तयार व्हायचा थांबत नाही, त्यामुळे काचबिंदूसाठी दर सहा महिन्यांनी डोळ्यातला दाब तपासायचा आहे. पुढची तारीख तिने कालनिर्णयवर स्वतःच लिहून ठेवली आहे, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.