तारापूर, बोईसर आणि दोन राष्ट्रांच्या रीती

परदेशचें यंत्र येतें तेव्हां त्याबरोबर त्या राष्ट्राची रोजच्या वागणुकीची रीतही आपल्या अंगणांत येते. पालघर जिल्ह्यांत अशा दोन रीती शेजारीं शेजारीं पाहावयास सांपडतात.

तारापूरचें अणुवीजकेंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें बांधलें. १९६९ सालीं तें चालू झालें. सर्व उभारणी पुरी करून किल्ली हातीं ठेवावयाची, असा तो सौदा. अमेरिकन मनुष्य घरींदारीं कागदावर विसंबतो. लग्नाआधींसुद्धां मालमत्तेचा करार करून ठेवणारे तेथें आहेत! परंतु १९६३ च्या कराराप्रमाणें यावयाचें इंधन त्यांच्याच १९७८ च्या कायद्यानें अडलें, तेव्हां दिलेल्या कागदापेक्षां घरचा कायदा वरचढ ठरला. पुढें १९८२ सालीं तडजोड होऊन इंधनाचा भार फ्रान्सनें उचलला.

जपानी मनुष्य संवयीवर विसंबतो. बोईसरला ज्या वेगवान रेल्वेचें स्थानक योजिलें, ती जपानच्या शिंकान्सेनच्या धर्तीची. जपानी आगगाडीचा चालक एकटा असतांही सिग्नलाकडे बोट करून त्याचा अर्थ मोठ्यानें उच्चारतो. शाळेंतलीं मुलें आपला वर्ग आपणच झाडतात. आम्हांस ही रीत अधिक भावते. तथापि २०११ सालीं फुकुशिमास ती अपुरी पडली. आणि तेथील पहिली अणुभट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच होती.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या भारतीय बनावटीच्या. त्यांसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठविलीं गेलीं. तो व्यवहार आपल्याच माणसांनीं केला. त्यांत अमेरिकन धर्तीचा लेखी शब्द किती होता आणि जपानी दक्षता किती, हें तेथून उठलेल्या कुटुंबांस विचारावें.