मालिकेतल्या चिमुकलीचं विकिपीडिया पान का टिकत नाही? बालकलाकार 'उल्लेखनीय' कधी ठरतो?

मालिकेतल्या एखाद्या लहान मुलीचा संवाद रीलवर व्हायरल होतो. दोन दिवसांत सगळे तिचं नाव शोधू लागतात. वय किती, गाव कोणतं, शाळा कोणती? मग कमेंटमध्ये कोणीतरी विचारतं, "हिचं विकिपीडिया पान कसं नाही अजून?" एखादा चाहता उत्साहाने पान तयार करतो आणि थोड्याच दिवसांत ते काढून टाकलं जातं. चाहत्यांना वाटतं, हा त्या मुलीचा अपमान आहे.

तसं नसतं. पान ठेवायचं की नाही हे ठरवताना तिच्या अभिनयाचं मूल्यमापन होतच नाही. मग ठरतं कशावरून?

उल्लेखनीयता म्हणजे लोकप्रियता नव्हे

विकिपीडियावर कोणाचं पान असावं यासाठी 'उल्लेखनीयता' हा निकष वापरतात. त्याचा गाभा असा: त्या व्यक्तीबद्दल विश्वासार्ह आणि स्वतंत्र माध्यमांनी सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे. यातल्या तीन शब्दांचा अर्थ नीट पाहू.

*सविस्तर:* परीक्षणात "बालकलाकाराचं कामही छान" असं एक वाक्य असेल, तर तो केवळ उल्लेख झाला. कलाकारांच्या यादीत नाव असणं हाही उल्लेखच. त्या मुलाच्या कामावर दोन-चार परिच्छेद तरी हवेत.

*स्वतंत्र:* वाहिनीने पाठवलेली प्रसिद्धिपत्रिका, निर्मात्याची पोस्ट किंवा पैसे देऊन छापून आणलेला मजकूर यात बसत नाही. भारतात बातमीच्या रूपात जाहिरात छापण्याचे प्रकार बरेच होतात. त्यामुळे एकच मजकूर पाच संकेतस्थळांवर शब्दशः दिसला की संपादकांना शंका येते. मुलाखतीतही बहुतेक माहिती मुलाने किंवा आईवडिलांनीच दिलेली असते, म्हणून नुसत्या मुलाखतींवर काम भागत नाही.

*विश्वासार्ह:* आयएमडीबीवरची बरीच माहिती वापरकर्त्यांनीच भरलेली असते. फॅन पेज आणि यूट्यूब चॅनेलचंही तेच. त्यामुळे उल्लेखनीयता सिद्ध करायला यांचा उपयोग होत नाही. इन्स्टाग्रामवर दहा लाख फॉलोअर असले तरी तेवढ्याने पान टिकत नाही.

एवढी कडक अट कशाला? विकिपीडिया कोणीही संपादित करू शकतं. पडताळून पाहण्यासारखं बाहेर काही छापलेलंच नसेल, तर पानावर लिहिलेली चुकीची माहिती चुकीची आहे हे कोणालाही दाखवून देता येत नाही.

अभिनेत्यांसाठीचा खास निकष

इंग्रजी विकिपीडियावर अभिनेत्यांसाठी आणखी एक मार्गदर्शक निकष आहे: एकापेक्षा जास्त उल्लेखनीय चित्रपट, मालिका किंवा नाटकांमध्ये महत्त्वाची भूमिका. बालकलाकार बहुतेक वेळा इथेच अडकतात.

नायकाचं बालपण दाखवणारी दहा मिनिटांची भूमिका सहसा 'महत्त्वाची' मानली जात नाही. मालिका तीन वर्षं चालली तरी ती एकच कलाकृती धरली जाते. जाहिराती आणि रील्स या हिशेबात येत नाहीत. शिवाय हा निकष पूर्ण झाला तरी पान मिळण्याची शक्यता वाढते, खात्री होत नाही. बाहेरचं लिखाण लागतंच.

एकाच चित्रपटावर पान होऊ शकतं का?

होऊ शकतं. मोठा पुरस्कार मिळाला की परिस्थिती बदलते, कारण पुरस्कारासोबत लिखाणही येतं. 'श्वास'साठी अश्विन चितळे, 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडे आणि 'नाळ'साठी श्रीनिवास पोकळे यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या तिन्ही चित्रपटांत ती मुलं मध्यवर्ती होती आणि समीक्षकांनी त्यांच्या कामावर वेगळं लिहिलं.

'सलाम बॉम्बे' (१९८८) मधला शफीक सय्यद हे आणखी स्पष्ट उदाहरण. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे चित्रपटांत कारकीर्द झाली नाही आणि त्याने बंगळुरूत रिक्षा चालवली. तरी पुरस्कार आणि त्यावेळचं लिखाण पुसलं जात नाही. एकदा उल्लेखनीय ठरलेली व्यक्ती पुढे पडद्यावर दिसली नाही म्हणून निकषातून बाद होत नाही.

मराठीतलं जुनं उदाहरण म्हणजे 'श्यामची आई' (१९५३). आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यात श्याम साकारणारे माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक आणि दिग्दर्शक म्हणून ओळखले गेले. तरी त्या एका भूमिकेबद्दल लोक दशकानुदशकं लिहीत राहिले. व्हायरल होण्यात आणि उल्लेखनीय असण्यात हाच फरक आहे: गाजावाजा ओसरल्यावरही कोणी लिहितं का?

एक काल्पनिक उदाहरण तपासून पाहू

समजा, आठ वर्षांच्या एका मुलीने एका लोकप्रिय मालिकेत मुख्य पात्राच्या लेकीचं काम केलं. एका चित्रपटात तिचे दोन प्रसंग आहेत. तिच्यावर सहा बातम्या आहेत. त्यातल्या चार वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रिकेवरून केलेल्या, एक आईची मुलाखत आणि एक "या चिमुकलीला ओळखलंत का?" छापाची, ज्यात तिच्याच इन्स्टाग्रामवरचे फोटो आहेत.

हिशेब काय येतो? महत्त्वाची भूमिका एक, स्वतंत्र आणि सविस्तर लेख शून्य. इथे संपादक बहुधा म्हणतील, "अजून वेळ आलेली नाही." मग तिचं नाव शोधल्यावर वाचक थेट मालिकेच्या पानावर जाईल अशी सोय करता येते. याला पुनर्निर्देशन म्हणतात. माहिती हरवत नाही आणि पुढे लिखाण आलं की स्वतंत्र पान करता येतं.

निर्णय कोण घेतं?

विकिपीडियाचे स्वयंसेवक संपादक. इंग्रजी विकिपीडियावर वाद असला तर पान वगळण्यावर साधारण सात दिवस खुली चर्चा होते. हे मतदान नसतं. "ठेवा, ती खूप गोड आहे" असं पन्नास जणांनी लिहिलं तरी त्याला वजन नाही. एकाने दोन चांगले लेख दाखवले तर त्याला आहे. त्यामुळे फॅन ग्रुपवर "सगळ्यांनी जाऊन सपोर्ट करा" असं आवाहन केल्याने फायदा होत नाही, उलट संशय वाढतो.

प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे संपादक आणि नियम वेगळे असतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर पान आहे म्हणून ते इंग्रजीतही राहीलच, असं नाही.

मूल आहे, म्हणून आणखी एक प्रश्न

मोठा अभिनेता प्रसिद्धी स्वतः निवडतो. सात वर्षांच्या मुलाच्या वतीने ती दुसरं कोणी निवडतं. जिवंत व्यक्तींबद्दलच्या धोरणात खासगीपणाला झुकतं माप आहे आणि मुलांच्या बाबतीत ते जास्तच जपावं लागतं. व्यक्ती जेमतेम निकषात बसत असेल, तर पूर्ण जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष देणं योग्य मानलं जातं. शाळा, राहण्याचा परिसर, भावंडांची नावं यांची गरज नसते.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पान झालं की ते तुमच्या ताब्यात राहत नाही. उद्या एखादा वाद झाला आणि माध्यमांनी तो छापला, तर तोही तिथे येऊ शकतो. नको वाटलं म्हणून पान पुसता येत नाही. फारशी प्रसिद्ध नसलेल्या व्यक्तीने स्वतः विनंती केली आणि चर्चेत एकमत झालं नाही, तर मात्र पान काढलं जाऊ शकतं.

"पैसे द्या, पान करून देतो"

असे मेसेज पालकांना येतात. २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करणं बंधनकारक आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम रोखली आणि त्यांनी तयार केलेले दोनशेहून जास्त लेख काढून टाकले. या टोळीची पद्धत अशी होती: नाकारलेले मसुदे शोधायचे, संबंधितांकडून पैसे घेऊन पान चढवायचं आणि मग ते 'सुरक्षित' ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागायचे. पान टिकेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

पान करण्याआधी पाच प्रश्न

१. एकाहून जास्त उल्लेखनीय कलाकृतींत महत्त्वाची भूमिका आहे का, किंवा मोठा पुरस्कार?
२. वाहिनी, निर्माते आणि कुटुंब सोडून इतरांनी सविस्तर लिहिलेले किमान दोन-तीन लेख आहेत का?
३. हे लिखाण एकाच व्हायरल क्लिपपुरतं आहे का?
४. पानातून मुलाची खासगी माहिती उघड होते का?
५. मी त्या मुलाचा नातेवाईक किंवा व्यवस्थापक आहे का? असल्यास थेट पान करू नये. मसुदा लिहून, नातं जाहीर करून तो तपासणीसाठी द्यावा.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' असेल तर थांबा. तोवर मालिकेचं किंवा चित्रपटाचं पान सुधारा आणि त्यात मुलाच्या भूमिकेबद्दल संदर्भासह एक ओळ लिहा. ती ओळ टिकण्याची शक्यता घाईने केलेल्या पानापेक्षा बरीच जास्त असते.