दोन नावांचे गाव : ऑस्वेस्ट्रीचा दगड, गरुड आणि छायाचित्रे

इंग्लंडच्या श्रॉपशर काउंटीत ऑस्वेस्ट्री नावाचे जुने बाजारपेठेचे गाव आहे. वेल्सची सीमा तेथून अवघ्या आठेक किलोमीटरवर. इंग्रजीत या गावाच्या नावाचा अर्थ ‘ऑस्वाल्डचे झाड’. वेल्श भाषक त्याला ‘क्रोएसोस्वाल्ट’ म्हणतात, म्हणजे ‘ऑस्वाल्डचा क्रूस’. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड इ. स. ६४२ मध्ये मर्सियाच्या पेंडाशी लढताना पडला, ती रणभूमी हीच, अशी परंपरा आहे. एका राजाच्या मरणाची आठवण दोन भाषांनी आपापल्या शब्दांत जपली. गावाच्या नावात काय काय दडलेले असते, हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

बुधवारी बाजार भरवण्याचा हक्क या गावाला ११९० मध्ये मिळाला आणि बुधवारचा बाजार आजही भरतो. मोर्डा रस्त्यावर एका जुन्या क्रुसाचा दगडी पाया उरला आहे, त्याचे नाव क्रोएसविलन. शोकाचा क्रूस, असा त्याचा अर्थ सांगतात. १५५९ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा बाजार गावाबाहेर या दगडापाशी हलवला गेला. दगडाच्या खळग्यातल्या पाण्यात नाणी धुऊन मगच व्यवहार होत, असे लोक सांगत आले आहेत. रोगाला भिऊनही बाजार बंद झाला नाही, फक्त थोडा सरकला.

या बाजाराचा प्राण होता वेल्श लोकरी कापड. डोंगरांतले विणकर ते घेऊन येत आणि श्रूझबरीचे कापडव्यापारी ते विकत घेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच व्यापाऱ्यांनी ऑस्वेस्ट्रीस येणे सोडले आणि माल आपल्याच दारी यावा अशी व्यवस्था केली. पेठ खचली. त्याआधीच्या भरभराटीची साक्ष म्हणजे १६०४ सालचा लाकडी चौकटीचा ल्विड वाडा. त्याच्या भिंतीवर दुतोंडी गरुडाचे चिन्ह आहे. (आपल्याकडचे लोक ते पाहून क्षणभर चमकतील, कर्नाटकाच्या राजमुद्रेवरचा गंडभेरुंड त्याचाच दूरचा भाऊ शोभावा.)

वकील म्हणून मला मात्र सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते ती कायद्याचे एक पान. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३६ मध्ये, वेल्स इंग्लंडला जोडणारा कायदा झाला. सीमेवरच्या सरंजामदारांच्या जहागिऱ्या मोडून त्यांची काउंट्यांत वाटणी करण्यात आली. त्या वाटणीत ऑस्वेस्ट्रीची जहागीर श्रॉपशरमध्ये घातली गेली. वेल्श बोलणाऱ्या गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. तो काळ विचारण्याचा नव्हताच. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते : न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालेल, आणि इंग्रजी न वापरता वेल्श वापरणाऱ्यास सरकारी पद मिळणार नाही.

हे भाषेचे कलम चारशेहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिले. १९३८ मध्ये कार्डिफच्या राष्ट्रीय आयस्टेडफॉडमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-संगीत मेळाव्यात, त्याविरुद्ध अर्जाची मोहीम सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. १९४२ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले आणि इंग्रजीमुळे अडचण होणाऱ्या पक्षकाराला वेल्श बोलण्याची मुभा मिळाली. पण कोठे? वेल्समधील न्यायालयांत. बंधन घालणाऱ्या कायद्याने ऑस्वेस्ट्रीला रेषेपलीकडे टाकले होते. बंधन सोडवणाऱ्या कायद्याने ती रेषा तशीच ठेवली. जी मुभा पलीकडच्या नातेवाइकांना मिळाली, ती अलीकडच्यांना नाही. पुढे १९६७ आणि १९९३ चे वेल्श भाषेचे कायदे आले, तेही वेल्सपुरतेच.

एकदा मात्र विचारणा झाली, हेही नोंदवले पाहिजे. १९१४ च्या कायद्याने वेल्समधील चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे करायचे ठरले, तेव्हा ज्या धर्मग्रामांची हद्द सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरली होती, तेथील रहिवाशांचा कौल घेण्यात आला. बहुतेकांनी इंग्लंडच्या चर्चमध्येच राहणे पसंत केले. मला तो निकाल कसा लागला यापेक्षा कौल घेतला गेला ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. ऑस्वेस्ट्री पूर्णपणे इंग्लंडात असल्याने तिला तो प्रश्न विचारला गेला नाही. तोवर सेंट असॅफ या वेल्श धर्मप्रांतात असलेले हे गाव १९२० मध्ये लिचफील्डकडे गेले.

तरीही गाव पुरते एका बाजूचे झाले नाही. ‘कॅम्ब्रियन’ म्हणजे वेल्श. पण कॅम्ब्रियन रेल्वेचे मुख्यालय आणि कारखाना या इंग्रज गावात होता. स्टेशनची देखणी इमारत उभी आहे, प्रवासी गाड्या १९६६ मध्ये थांबल्या. येथील एका फुटबॉल संघाचे मैदान इंग्लंडात आहे आणि तो खेळतो वेल्सच्या लीगमध्ये. ‘अ किम्रो’ हे वेल्श साप्ताहिकही दीर्घकाळ ऑस्वेस्ट्रीतूनच निघत असे.

त्याच साप्ताहिकासाठी जेफ चार्ल्स या छायाचित्रकाराने विसाव्या शतकात दशकानुदशके कॅमेरा घेऊन वेल्स आणि सीमाभाग पालथा घातला. शेतकरी, गुरांचे बाजार, शाळा, निवडणुका, ओस पडणारी घरे, सारे त्याने टिपले. त्याच्या सुमारे १,२०,००० निगेटिव्ह आज ॲबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. म्हणजे या इंग्रज पेठेतून निघणाऱ्या पत्रासाठी काढलेली चित्रे पाहायची, तर सीमा ओलांडून वेल्समध्येच जावे लागते.