कैद्यांच्या हातची भाजी

नवलकोल सातारा-सांगलीकडच्या परड्यांत आता इतका रुळला आहे, की दसरा उलटल्यावर गादीवाफ्यावर बी फोकताना आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी ती रोपे वीत-वीत अंतरावर लावताना, हा मूळचा परमुलखातला, थंड हवेचा रहिवासी आहे, याची आठवण कोणासही होत नाही. कोबी-फुलकोबीच्या ज्या गोत्रात तो मोडतो, त्या विलायती भाजीपाल्याची या प्रांतातील पूर्वपीठिका धुंडाळू लागल्यास मात्र आपण राजवाड्याच्या बागेत न पोहोचता, काहीशा अनपेक्षितपणे, महाबळेश्वरच्या तुरुंगात जाऊन पोहोचतो.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली महाबळेश्वरी हवा खाण्याचे ठाणे वसविण्याचे मनावर घेतले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून, वाई भागातील खंडाळे गावाच्या मोबदल्यात, तो डोंगरमाथा कंपनी सरकारच्या हद्दीत आला. माल्कमपेठ वसली, बंगले उठले. परंतु साहेबाच्या मेजावर लागणारा भाजीपाला डोंगरावर पिकवायचा कोणी, हा प्रश्न राहिलाच. तो सुटला तो १८३४ साली बांधलेल्या तुरुंगामुळे. या तुरुंगात पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेले सुमारे १२० चिनी व मलायी कैदी ठेवण्यात आले होते. त्यांनी रस्ते बांधले, वेताच्या टोपल्या विणल्या, आणि तांबड्या मातीत बटाटा व विलायती भाजी पिकविली. १८६४ साली तुरुंग मोडला, तरी कित्येकांनी तेथेच बागाईत करून पोट भरले. सरकारी दप्तराने त्यांची संख्या टिपून ठेवली. त्यांची नावे मात्र त्यांच्या हातची भाजी खाणाऱ्या पिढ्यांपर्यंत आली नाहीत. माल्कमसाहेबाच्या नावाची पेठ झाली, हे ध्यानात घेता हा हिशेब मला काही बरोबरीचा वाटत नाही.

घाटाखाली ही भाजी जगते ती केवळ हिवाळ्याच्या आश्रयाने. नवलकोलाचा गड्डा म्हणजे जमिनीवर फुगलेले खोडच असल्याने भांगलताना त्याच्यावर माती चढवीत नाहीत. मुळे उथळ, म्हणून पाणी थोडे पण नेमाने द्यावे लागते, आणि ताण देऊन मग एकदम पाट सोडला, तर गड्डा तडकतो. न्हाणीचे पाणी ज्या परड्यात रोज वाहते, तेथे तो म्हणूनच निगुतीने वाढतो. पानांवर मावा दिसताच चुलीतली राख भुरभुरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना काढणीची वेळ सांगावी लागत नाही: लावणीपासून पन्नास-साठ दिवसांत गड्डा मुठीएवढा झाला, की विळ्याने बुडाशी कापायचा, आणखी मोठा होईल या लोभाने आठवडाभर राखला, तर आत रेषा धरतात आणि हरभऱ्याची डाळ घालून कितीही शिजविला तरी दाताखाली चोथाच येतो. कोवळा पालाही टाकून देत नाहीत. एक उणीव मात्र कायमची आहे. या पिकाला दुसऱ्या वर्षी, कडक थंडी सोसल्यावरच, फुलोरा येतो. कृष्णाकाठची थंडी त्याला पुरत नाही. त्यामुळे वांग्या-दोडक्याचे बी राखेत घोळून उतरंडीत जपणारी गृहिणीदेखील नवलकोलाच्या बियाण्यासाठी दरसाल बाजाराची मिंधी राहिली.

कैदी आणि मळा यांची गाठ या मुलखात पुन्हा एकदा पडली. १९३९ साली औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही भिंतींवाचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. तेथे गुन्हेगारांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे आणि शब्दावर बांधलेले असावे, अशी योजना होती. महाबळेश्वरच्या पावसाळी डोंगरापेक्षा हा दुष्काळी मुलूख सर्वस्वी निराळा. तेथे भाजीच्या वाफ्याला घागरभर पाणी देणे हीच मोठी मेहनत. औंधाचे विलीनीकरण झाले, १९४९ साली आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली, १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले; वसाहत मात्र टिकली. तिच्याच प्रेरणेने व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. स्वस्त दराने भाजी विकणाऱ्या कैद्यांवर बाजारातला व्यापारी गुंड घालतो, हा त्यातला प्रसंग, ज्याने आठवड्याच्या बाजारात भावावरून जुंपलेली भांडणे पाहिली आहेत, त्याला मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही.