एका प्रत्ययाची नव्वद वर्षे

मागच्या भाषणानंतर एका शिक्षिकेचे पत्र आले. 'सायंटिस्ट'ला मराठीत शास्त्रज्ञ म्हणावे की वैज्ञानिक, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तराआधी मूळ इंग्रजी शब्दाकडे वळू या, कारण तो आपल्याला वाटतो तितका जुना नाही. न्यूटनला कोणी 'सायंटिस्ट' म्हणून हाक मारली असती, तर त्याने मागे वळूनही पाहिले नसते. न्यूटन वारला १७२७ साली आणि हा शब्द प्रथम छापून आला १८३४ साली.

शब्दाचे दोन्ही तुकडे इंग्रजीत आधीपासून होते. 'सायन्स' होता, 'आर्टिस्ट'मधला 'इस्ट' हा प्रत्ययही होता. फक्त त्यांची गाठ घालण्याची गरज कोणाला पडली नव्हती. ती पडली १८३३च्या उन्हाळ्यात. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अधिवेशन केंब्रिजला भरले होते. वनस्पती गोळा करणारे, दगड फोडणारे, विजेचे प्रयोग करणारे, गणिती असे सगळे तिथे जमले. आता या सगळ्यांना मिळून काय म्हणायचे? तोवर 'फिलॉसॉफर', म्हणजे तत्त्वज्ञ, म्हणत. पण सभेला म्हातारे कवी कोलरिज हजर होते. स्वतः तत्त्वज्ञानात बुडालेला माणूस! ही पदवी तुम्ही घेऊ नका, असे त्यांनी बजावले. फ्रेंच शब्द घ्यावा तर तो परका आणि वर शेखी मिरवणारा. जर्मन शब्द इंग्रजीत आणला तर त्याचा अर्थ 'निसर्गाला ढोसणारा' असा काहीतरी होऊन हसे व्हायचे.

तेव्हा एका हुशार गृहस्थाने सुचवले, की 'आर्टिस्ट'सारखा 'सायंटिस्ट' करावा. पण तो कोणाला रुचला नाही. ही हकीकत पुढच्या वर्षी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये एका पुस्तक परीक्षणात आली. परीक्षणावर लेखकाचे नाव नव्हते, पण लेखक आणि तो हुशार गृहस्थ एकच, हे आज सर्वमान्य आहे. त्यांचे नाव विल्यम ह्यूएल. लँकेस्टरच्या एका सुताराचा हा मुलगा पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला.

परीक्षण होते मेरी सॉमरव्हिल या विदुषीच्या पुस्तकाचे. त्यावरून असे सांगितले जाते, की 'मॅन ऑफ सायन्स' हे बाईला लावता येईना म्हणून ह्यूएलने नवा शब्द घडवला. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. विज्ञानाचे तुकडे पडत चालले आहेत, रसायनवाला गणितवाल्यापासून तुटतो आहे, अशी खंत त्या परीक्षणात आहे. सॉमरव्हिलबाईंचे पुस्तक हे तुकडे जोडते, म्हणून त्याचे कौतुक आहे. सर्वांना एक नाव नसणे हे ह्यूएलला त्या फुटीचेच लक्षण वाटत होते.

१८४० साली त्याने हा शब्द पुन्हा मांडला, या वेळी स्वतःच्या नावाने. सोबत 'फिजिसिस्ट' दिला. इथे प्रत्ययाची अडचण पाहण्यासारखी आहे. 'म्युझिक'वरून 'म्युझिशियन', तसा 'फिजिक्स'वरून 'फिजिशियन' व्हायला हवा होता. पण ती जागा डॉक्टरांनी केव्हाच अडवली होती! म्हणून पुन्हा 'इस्ट'. मायकेल फॅरडेला हा शब्द मुळीच आवडला नाही. एका शब्दात तीन 'स' म्हणजे जिभेचे हाल, अशी त्याची तक्रार होती. (शब्द उच्चारून पाहा, तक्रार पटेल.)

विरोधकांचा खरा आक्षेप मात्र कुळाचा होता. धड लॅटिन आणि शेपूट मुळात ग्रीक, असला संकर भल्या माणसाने उच्चारू नये. इंग्लंडमध्ये पुष्कळांना तो अमेरिकनांचा अडाणीपणा वाटे. १८९४ साली एका मासिकाने मते मागवली, तेव्हा थॉमस हक्सलेने 'सायंटिस्ट'ला 'इलेक्ट्रोक्यूशन'च्या पंगतीला बसवले. विजेने देहदंड देण्यासाठी अमेरिकेत नुकताच जुळवलेला हा शब्द होता. १९२४ सालीसुद्धा 'नेचर' या नियतकालिकाला नॉर्मन कॅम्पबेल या पदार्थवैज्ञानिकाने विनंती केली, की हा शब्द आता तरी स्वीकारा. संपादकांनी लेखकांना मुभा दिली, पण स्वतः तो वापरायचे टाळले. शब्दाला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

आपल्याकडे इतके सोवळे कोणी पाळले नाही. 'गैरसमज'मध्ये 'गैर' अरबी आणि 'समज' आपली. 'दरवर्षी'त 'दर' फारसी, वर्ष संस्कृत. 'भालदार'ची गतही तीच.

ह्यूएलचे दुसरे काम उपसर्गांचे. १८३४ सालीच फॅरडेने त्याला पत्राने विचारले, की द्रावणात वीज जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते त्या दोन टोकांना काय म्हणू? त्याला 'धन' आणि 'ऋण' नको होते. वीज खरोखर कोणत्या दिशेने वाहते हेच ठाऊक नसताना नावातच सिद्धान्त कशाला कोंबायचा, असा त्याचा विचार. त्याच्या मनात एक चित्र होते: पृथ्वीचे चुंबकत्व विजेच्या प्रवाहामुळे आहे असे मानले, तर तो प्रवाह सूर्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा असला पाहिजे. मग एक टोक उगवतीचे, एक मावळतीचे. ह्यूएलने ग्रीक 'होडॉस', म्हणजे वाट, हा शब्द घेतला. आधी 'अना', म्हणजे वर, जोडून 'अॅनोड' केला; 'काता', म्हणजे खाली, जोडून 'कॅथोड'. चढती वाट आणि उतरती वाट. फॅरडेने त्याच वर्षी आपल्या निबंधात ते वापरले आणि ते जगभर गेले.

मराठीत आपण अॅनोडला 'धनाग्र' केले आणि कॅथोडला 'ऋणाग्र'. म्हणजे फॅरडेने जे मुद्दाम टाळले, नेमके तेच आपण नावात घातले. याचा त्रास मुलांना होतो. विद्युत विलेपनाच्या प्रयोगात अॅनोड धन असतो, तिथे नाव जमते. पण वीज पुरवणाऱ्या घटात अॅनोड हे ऋण टोक असते. मग मास्तरांना फळ्यापाशी उभे राहून सांगावे लागते, की मुलांनो, इथे धनाग्र ऋण आहे. मुले घोकतात आणि विज्ञान अवघड असते असे समजून घरी जातात. दोष मुलांचा नाही, विज्ञानाचाही नाही. माझे मत विचाराल तर या दोन शब्दांपुरते सरळ अॅनोड, कॅथोड म्हणावे.

पत्रलेखिका बाईंना माझे उत्तर असे. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. शास्त्रज्ञ म्हणताना ज्ञान पदरात पडले आहे असे आपण गृहीत धरतो. 'इस्ट'मध्ये तेवढा दावा नाही, फक्त त्या कामाला लागलेला माणूस आहे. 'विज्ञान'ला 'इक' लावून झालेला 'वैज्ञानिक' मला त्याला अधिक जवळचा वाटतो. पण 'शास्त्रज्ञ' रुळला आहे, त्याला कोणी हुसकू नये.

जाता जाता एक. अॅनोड-कॅथोडकडे सरकणाऱ्या कणांना ह्यूएलने 'आयन' हे नाव सुचवले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'जाणारा'. मोबाइलच्या 'लिथियम आयन' बॅटरीत तो रोज आपल्या खिशात असतो. त्याच्या मुळाशी जो धातू आहे, तोच संस्कृतात 'इ' म्हणजे जाणे, आणि त्यावरून आपला 'अयन'. उत्तरायणातला आणि दक्षिणायनातला.