भाऊसाहेब निंबाळकर : अपुऱ्या विक्रमाची पार्श्वभूमी

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात ४४३ या एका आकड्यापुरतेच उरले आहे. वस्तुतः कोल्हापुरात जन्मलेल्या या फलंदाजाची प्रथम श्रेणीतील कारकीर्द १९३९ ते १९६५ अशी पाव शतकाची होती. ८० सामने, १२ शतके व जवळजवळ ४८ धावांची सरासरी ही तिची गोळाबेरीज. शिवाय मध्यमगती गोलंदाजीने त्यांनी ५८ बळीही मिळविले.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र व काठेवाड यांचा रणजी सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. निंबाळकरांनी कमल भांडारकरांसह दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. ही भागीदारी १९७४ पर्यंत जागतिक उच्चांक म्हणून टिकली. (भांडारकरांच्या २०५ धावांची आठवण क्वचितच काढली जाते, हा इतिहासाचा अन्यायच.) पुढे महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली. १९३० साली ब्रॅडमन यांनी केलेल्या नाबाद ४५२ धावांची बरोबरी साधण्यास निंबाळकरांना अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. तोच मध्यंतर झाला आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांस कमीपणाचे वाटले.

या नकाराकडे केवळ एका व्यक्तीचा हेका म्हणून पाहणे पुरेसे नाही. राजकोट संस्थान त्याच वर्षी सौराष्ट्र संघात विलीन झाले होते. सत्ता गेली, पण प्रतिष्ठेची कल्पना मागे राहिली होती; ती क्रीडांगणावर व्यक्त व्हावी, यात नवल नाही. दुसऱ्या बाजूस, काठेवाडची गोलंदाजी दुबळी होती हेही मान्य केले पाहिजे. तथापि आठ तासांहून अधिक काळ एकाग्रता टिकविणे ही काही प्रतिपक्षाची देणगी नव्हे.

निंबाळकर बडोदा, होळकर आणि अखेरीस रेल्वे या संघांकडूनही खेळले. संस्थानी दरबाराकडून सरकारी खात्याकडे सरकलेला क्रिकेटचा आश्रय या क्रमात स्पष्ट दिसतो. अधिकृत कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्यास कधीच आला नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्धच्या एका अनधिकृत सामन्यावरच त्यांस समाधान मानावे लागले. २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या डावास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.