भविष्णु : लढण्याच्या पहिल्या धड्याचा इतिहास

मल्लविद्येवर आजवर जे लेखन झाले, त्यात विजयी मल्लांची चरित्रे पुष्कळ आहेत. कोणी कोणास किती वेळात अस्मान दाखविले, कोणत्या संस्थानिकाने कोणास आश्रय दिला, ह्याच्या नोंदी सापडतात. परंतु ज्या पोराने प्रथमच लंगोट कसला आणि भीत भीत हौद्यात पाऊल टाकले, त्याला पहिल्या दिवशी काय शिकविले गेले, हे विचारावयास इतिहासकार सहसा थांबत नाही. वास्तविक युद्धकलेची खरी परीक्षा तेथेच होते. नवख्याला उभे राहावयास जागा उरली नाही, की त्या कलेचा तमाशा होतो. आणि तमाशा हा आश्रयदात्याबरोबर संपतो. बडोद्याच्या इतिहासात ह्या विधानाला चांगला आधार मिळतो. आज घरोघरची मुले पडद्यावर जे द्वंद्व खेळतात, त्यालाही ते लागू पडते असे मला वाटते.

खंडेराव महाराज गायकवाड (कारकीर्द १८५६ ते १८७०) हे झुंजींचे मोठे शौकीन होते. लुई रूसले ह्या फ्रेंच प्रवाशाने त्यांच्या दरबारचा पाहुणचार घेतला आणि हत्तींच्या साठमारीबरोबरच नखीच्या कुस्तीचेही वर्णन लिहून ठेवले. मुठीत शिंगाची नखे धरून, भांग-अफूच्या धुंदीत, मल्ल एकमेकांना रक्तबंबाळ करीत, आणि दरबार ते पाहत बसे. गोमंतकातील वाचकांना येथे धीरयोची आठवण होईल; मात्र तेथे बैल झुंजतात, येथे माणसे झुंजत होती. अशा खेळात चुकीची शिक्षा जखम हीच असल्यामुळे, चुकत चुकत शिकण्याला त्यात वावच नव्हता.

तथापि दरबारी झुंज म्हणजे सगळी मल्लविद्या नव्हे. नखीच्या किंवा वज्रमुष्टीच्या ह्या कलेत ज्यांचे नाव विशेष होते, ते जेठी म्हणजे मूळचे मोढेऱ्याकडील ज्येष्ठिमल्ल ब्राह्मण. त्यांच्या परंपरेचा 'मल्लपुराण' हा संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली प्रसिद्ध केला. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता हे त्याचे संपादक. रक्तपाताची वर्णने शोधीत जो हा ग्रंथ उघडील, त्याची निराशा होईल. आखाडा कसा सिद्ध करावा, कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे, व्यायामाचे प्रकार किती, ह्यांचाच विचार त्यात मोठ्या आस्थेने केलेला आहे.

ह्याहून जुना पुरावा कल्याणीच्या चालुक्यांकडचा आहे. तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तीन खंडांत निघाला आहे. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लाच्या नित्य श्रमांची गणना आहे: भार उचलण्याचा श्रम, चालण्याचा श्रम, पाण्यातील श्रम, आणि खांबाशी करावयाचा स्तंभश्रम, ज्यात आजच्या मलखांबाचे मूळ शोधले जाते. घडणीत असलेल्या तरुण मल्लाला तेथे दिलेले नाव तर फारच अर्थपूर्ण आहे. त्याला 'भविष्णु' म्हटले आहे. भविष्णु म्हणजे होऊ घातलेला. नवशिक्याला अज्ञ किंवा दुबळा न म्हणता, तो पुढे जे होणार आहे त्यावरून त्याला नाव द्यावे, ही दृष्टी आठ-नऊ शतकांपूर्वीची आहे.

ह्या दृष्टीला बडोद्यात सार्वजनिक रूप आले ते सयाजीराव महाराजांच्या काळात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे आरंभिला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. अक्षरांच्या बाबतीत जे तत्त्व राज्याने स्वीकारले, तेच शरीराच्या बाबतीत एका आखाड्याने आचरिले. जुम्मादादा ह्या मुसलमान उस्तादाचा तो आखाडा. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव ह्यांनी तो पुढे चालविला, वाढविला, आणि त्याला गुरूचेच नाव दिले. जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब, लाठी, लेझीम, कुस्ती ही सर्व अंगे शिकविली जात. शेकडो मुलांनी एका आज्ञेवर करावयाच्या संघव्यायामाचा माणिकरावांनी प्रसार केला. त्यांचे शिष्य अंबुभाई पुराणी ह्यांनी गुजरातेत आखाड्यांची चळवळ पसरविली. ज्या नगरीत पूर्वी हजारो लोक दोघांची झुंज पाहत, तेथे आता शेकडो मुले स्वतः घाम गाळू लागली. ह्या ज्ञानाची लेखी नोंदही बडोद्यातच झाली. द. चिं. करंदीकर-मुजुमदार ह्यांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांत पूर्ण झाला.

तालमीतील शिक्षणाचा क्रम पाहिला म्हणजे त्यामागचा विचार कळतो. नव्या मुलाला आल्याआल्या कोणी डाव शिकवीत नाही. प्रथम तो फावडे घेऊन हौदा उकरतो. तेल, ताक, हळद मिसळलेली ती माती मऊ का ठेवावयाची, हे त्याला पहिल्याच पडण्यात उमजते. मग जोर आणि बैठका. मग पवित्रा: पाय किती फाकवावे, भार कोणत्या पायावर ठेवावा, मान कोठे असावी. त्यानंतर खडाखडी. प्रेक्षकाला खडाखडी कंटाळवाणी वाटते, कारण दोघे नुसते हात झटकतात, पुढेमागे सरकतात. परंतु अंतराचा अंदाज, प्रतिपक्ष्याची सवय आणि योग्य क्षण ह्या तिन्ही गोष्टी तेथेच ठरतात. एकेरी पट काढावयाचा तो नंतर. आणि पटाबरोबर त्याची तोडही शिकावयाची, कारण तोड नाही असा डाव नाही. ढाक किंवा कलाजंग ह्या टाळ्या घेणाऱ्या डावांची पाळी पुष्कळ उशिरा येते. वकिली शिकणारालाही प्रथम दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे पाठ करावी लागतात. फर्डे भाषण करण्याचा प्रसंग फार पुढे येतो.

आता पडद्याकडे वळू. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीने १९८७ मध्ये 'स्ट्रीट फायटर' आणि १९९१ मध्ये त्याचा दुसरा भाग आणला, आणि दोन माणसांनी समोरासमोर खेळावयाच्या द्वंद्वाचा नवा प्रकार जगभर रूढ झाला. नवखा मुलगा येथेही प्रथम ढाकच मागतो. बोटांच्या चमत्कारिक हालचालींनी निघणारे अग्निगोळे त्याला हवे असतात. जाणते खेळाडू मात्र त्याला निराळेच सांगतात. एकच पात्र निवड आणि ते सोडू नकोस. खाली बसून बचाव धरावयास शीक. उडी घेऊन येणाऱ्याला खालून अडव. आपला ठोसा कोठवर पोहोचतो आणि त्याचा कोठवर, हे अंतर ओळख, हीच खडाखडी. पुढे त्याला समजते की ठोशाला बचाव अडवितो, बचाव धरून बसलेल्याला पकडून फेकता येते, आणि पकडावयास येणाराला ठोसा आधी लागू शकतो. डाव आणि तोड ह्यांचे हे चक्र तालमीतल्यासारखेच आहे.

ह्या खेळाचा इतिहासही बडोद्याच्याच वाटेने गेला. आरंभी तो आर्केडमध्ये होता. नाणे टाकावे, तरबेज खेळाडूकडून मार खावा, आणि पुन्हा रांगेत उभे राहावे. गर्दीला तमाशा आणि नवख्याला भुर्दंड. पुढे घरगुती यंत्रांवर सरावाची स्वतंत्र सोय आली, तेव्हा चुकण्याला दंड उरला नाही. तो मऊ मातीचा हौदाच होय. मूलभूत शिक्षण किती दूर नेते ह्याचे उदाहरण २००४ सालच्या कॅलिफोर्नियातील 'ईव्हो' स्पर्धेत दिसले. दाइगो उमेहारा ह्या जपानी खेळाडूच्या पात्राची शक्ती इतकी संपली होती, की नुसता बचाव धरला असता तरी तो हरला असता. जस्टिन वाँग ह्या प्रतिपक्ष्याच्या पात्राचे लागोपाठ पंधरा तडाखे त्याने एकेक करून अचूक क्षणी परतविले आणि उलट मारा करून ती फेरी जिंकली. लोक त्यास चमत्कार म्हणतात. मला त्यात जोर-बैठका दिसतात.

राज्यसंस्थेनेही ह्या खेळाला मान्यता दिली आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या कार्यविभाजन नियमांत दुरुस्ती करून ई-क्रीडा हा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत कुस्ती आणि 'स्ट्रीट फायटर' ह्या दोहोंसाठी पदके होती.

तरी एक उणीव राहते, आणि ती लहान नाही. तालमीत नवख्याशी लढणारा जुना मल्ल आपले सारे बळ लावीत नाही. तो पोराला खेळवितो, पट काढू देतो, चुकला तर तोच हात पुन्हा धरावयास लावतो. त्याला चीत करण्यात काहीच पुरुषार्थ नाही, हे तालमीचा वस्ताद त्याला शिकवून चुकलेला असतो. पडद्यावरच्या पोराला दूरदेशीचा, नावही न सांगणारा प्रतिपक्षी भेटतो. तो दहा वेळा आपटतो आणि निघून जातो. दहाव्या पराभवानंतर यंत्र बंद करणाऱ्या मुलाला आळशी किंवा भेकड म्हणणे सोपे आहे. त्याच्या वाट्याला थोरला गडी आला नाही, हे त्याचे खरे कारण असते. सरावाची सोय माती देते, ग्रंथ डावांची नावे देतो; भविष्णु घडवावयास तिसरे जे लागते, ते माणसालाच द्यावे लागते. जुम्मादादांनी ते माणिकरावांना दिले, माणिकरावांनी शेकडोंना. ज्यांची बोटे ह्या नव्या आखाड्यात तयार झाली आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या नवख्याला खेळविण्यात घालविली, तर ही जुनी परंपरा नव्या मातीतही रुजेल.